काका, तुमचा आवडता डायनासोर कुठला?

वाढदिवसाच्या घरी केक कापून होतो, वेफर्स आणि ढोकळ्याच्या कागदी बशा फिरतात, मोठ्यांच्या गप्पा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर येऊन स्थिरावतात आणि नेमकं त्याच वेळी पाच-सहा वर्षांचं एक कार्टं समोर येऊन उभं राहतं. तोंडाला क्रीम, हातात प्लॅस्टिकचं काहीतरी दातेरी. "काका, तुमचा आवडता डायनासोर कुठला?"

हा प्रश्न "बाळ, कितवीत आहेस?"च्या जातीचा वाटतो, म्हणून माणूस गाफील राहतो. प्रत्यक्षात ही तोंडी परीक्षा असते. परीक्षकाला बुटाची नाडी बांधता येत नाही, पण 'पॅकिसेफॅलोसॉरस' म्हणताना त्याची जीभ कुठे अडखळत नाही. "मला सगळेच आवडतात" हे उत्तर चालत नाही. असं म्हणणाऱ्याला एकाचंही नाव येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. "आधी तू तुझा सांग बघू" ही मोठ्यांची हुकमी पळवाट. तिच्यात शिरलेला माणूस पाऊण तासानं बाहेर येतो, तोवर ढोकळा संपलेला असतो. म्हणून घरून निघतानाच एक डायनासोर पक्का करून निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आहेराचं पाकीट विसरलं तरी चालेल, ते फोनवरून देता येतं.

ऐनवेळी बहुतेकांच्या तोंडून टी-रेक्स निघतो. त्यात चूक काही नाही. आवडता आंबा विचारल्यावर हापूस म्हणण्यासारखंच ते. परीक्षक नुसतं "बरं" म्हणतो, पण त्या 'बरं'मध्ये तुमची किंमत कळते. मग पुरवणी प्रश्न येतो: "त्याच्या एका हाताला बोटं किती?" दोन. तीन म्हणालात की खेळ खलास. बारा मीटर लांबीचा आणि आठेक टन वजनाचा हा गडी, १९०५ साली हेन्री ऑसबॉर्ननं त्याचं नाव ठेवलं 'जुलमी सरड्यांचा राजा', आणि हात जेमतेम मीटरभर. राजाला स्वतःची पाठ खाजवता येत नव्हती. मला तो नापसंत नाही, पण ज्याला आधीच एवढे भक्त आहेत त्याच्या रांगेत कोण उभं राहणार?

निवडीची पहिली अट अशी की, निवडलेला प्राणी डायनासोर असला पाहिजे. हे हास्यास्पद वाटेल, पण सर्वांत जास्त विकेट इथेच पडतात. पंख पसरून उडणारा टेरोडॅक्टिल डायनासोर नाही. समुद्रातला लांब मानेचा प्लेसिओसॉर नाही. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर मुळीच नाही. पहिला डायनासोर जन्माला येण्याआधी काही कोटी वर्षं तो खपलेला होता आणि नात्यानं सरड्यांपेक्षा आपल्याला जवळचा आहे. तरीही दुकानातल्या डझनाच्या पाकिटात हे महाशय हटकून बसलेले असतात, दहा रुपयांच्या सुट्ट्यात आलेल्या चॉकलेटसारखे.

खरा डायनासोर ओळखायची खूण खुब्यात असते. आपल्या मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो ती वाटीसारखी, तळ असलेली असते. डायनासोरच्या खुब्यात तळच नाही, आरपार भोक आहे. त्याचे पाय मगरीसारखे बाजूला फाकलेले नव्हते, घराच्या खांबांसारखे थेट पोटाखाली होते. वजन भोकाच्या वरच्या कडेवर पेललं जायचं, त्यामुळे तळाची गरजच उरली नाही. खात्री करायची असेल तर रविवारच्या रश्श्यातला कमरेचा तुकडा उचला, तंगडी जिथून सुटते तिथलं मांस साफ करा आणि हाड उजेडाकडे धरा. पलीकडचं दिसतं. कोंबडी हा डायनासोरच आहे. पक्षी त्याच वंशातून आले, याबद्दल आता जाणकारांत फारसा वाद उरलेला नाही. तेव्हा "आवडता डायनासोर: कोंबडी, शक्यतो सुक्क्यात" हे उत्तर शास्त्रशुद्ध आहे. फक्त ते मुलाच्या आईसमोर देऊ नये.

खेळण्यावरून डायनासोर निवडणाऱ्यांनी पाकीट फोडायच्या आधी ते उलटसुलट करून बघावं. शेपूट जमिनीवर लोळत असेल तर साचा पन्नास वर्षांपूर्वीच्या समजुतीचा आहे. शेपूट मागे ताठ, तराजूच्या दांडीसारखी हवी, कारण पुढच्या धडाचा तोल तिच्यावर होता. टी-रेक्सचे तळवे जमिनीकडे वळलेले असतील, पेटी वाजवायला बसल्यासारखे, तर तेही चूक. त्याचं मनगट तसं वळतच नव्हतं. तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे हवेत. स्टेगोसॉरसच्या शेपटीला काटे चार. पाठीवरच्या पाट्या एका रांगेत नकोत, डावी-उजवी अशा आलटूनपालटून हव्यात. अवाढव्य लांब मानेवाल्याच्या पुढच्या पायाला हत्तीसारखी पाच नखं रंगवलेली असतील तर कारागिरानं बैठ्या जागी हत्तीवर भागवलंय. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उमेदवार. स्थळं बघताना होतं तेच इथेही होतं, लांबून सगळं छान आणि चौकशी केली की काहीतरी निघतं. व्हेलोसिरॅप्टर घ्या. सिनेमावाल्यांनी त्याला माणसाएवढा केला. मूळचा मंगोलियातला हा प्राणी टर्कीएवढ्या उंचीचा, वजनानं पंधराएक किलो. २००७ साली त्याच्या हाताच्या हाडावर पिसं रुतायच्या गाठी सापडल्या आणि दराऱ्याची उरलीसुरली लाजही गेली. ट्रायसेराटॉप्सची शिंगं १८८७ साली पहिल्यांदा हाती लागली तेव्हा ऑथनिएल मार्श या बड्या प्राध्यापकांनी ती बायसनची, म्हणजे रानरेड्याच्या भाऊबंदाची, ठरवून रीतसर नावही देऊन टाकलं. स्टेगोसॉरस माझ्या यादीत बराच वेळ वर होता. पण तो पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स सहा-सात कोटींपूर्वीचा. म्हणजे टी-रेक्स त्याच्यापेक्षा आपल्याला जवळचा. चित्रांच्या पुस्तकात मात्र दोघांची रोज मारामारी. अशा बदनाम वस्तीत राहणाऱ्याशी सोयरीक नको.

ब्राँटोसॉरसची कहाणी तर तलाठी कचेरीत शोभली असती. मार्शनंच १८७७ साली एकाला अ‍ॅपॅटोसॉरस नाव दिलं, दोन वर्षांनी दुसऱ्याला ब्राँटोसॉरस. १९०३ साली कुणीतरी कागद तपासले आणि म्हणालं की दोघे एकच. जुना दाखला खरा, नवा रद्द. शंभरावर वर्षं जगभरची मुलं रद्द नावाच्या प्राण्यावर प्रेम करत राहिली. २०१५ साली नवी तपासणी झाली, दोघे वेगळे निघाले आणि नाव परत मिळालं. मधल्या काळात पिट्सबर्गच्या संग्रहालयात अ‍ॅपॅटोसॉरसच्या धडावर दुसऱ्याच जातीचं मुंडकं बसवलेलं होतं, ते १९७९ साली बदललं.

मला खरी कणव येते ती ओव्हिरॅप्टरची. मंगोलियात १९२३ साली तो अंड्यांच्या घरट्यावर मेलेला सापडला. पंचनामा झटपट उरकला: अंडी दुसऱ्याची, हा चोरायला आलेला. नावच पडलं 'अंडीचोर'. पुढे १९९३ साली तशाच एका अंड्यात त्याच्याच कुळातलं पिल्लू निघालं. म्हणजे बिचारा स्वतःच्या अंड्यांवर बसलेला होता. निर्दोष सुटका झाली, पण प्राणिशास्त्रात एकदा बारशाचं नाव पडलं की ते पुसता येत नाही. चोर तो चोरच.

स्वदेशी निवडावा म्हटलं तर आणखी पंचाईत. तमिळनाडूतला बृहत्कायोसॉरस जगातला सर्वांत मोठा असू शकेल असं म्हणतात. नडगीचं हाडच दोन मीटरचं नोंदवलेलं. दाखवा म्हणाल तर हाडांचा भुगा झालेला, उरली ती चित्रं. जबलपूरला १८२८ साली कॅप्टन स्लीमनना (ठगांचा बंदोबस्त करणारे तेच) शेपटीचे मणके मिळाले. त्यांवरून १८७७ साली 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं भारदस्त नाव ठेवलं गेलं. २००३ साली तज्ज्ञ म्हणाले की या मणक्यांत वेगळं असं काही नाही, असे मणके कुणाचेही असतील, नाव बाद. दरम्यान मणकेच हरवले होते, ते २०१२ साली कोलकात्याच्या सरकारी संग्रहातच सापडले. ज्यानं कधी जुनी फाइल शोधली आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला मिळालेला राजासॉरस रुबाबदार आहे. कपाळावर एक बुटकं शिंग, पेशा मांसाहाराचा. पण त्याचं नाव काढलं की परीक्षक लगेच विचारणार, "टी-रेक्सशी फाइट झाली तर कोण जिंकेल?" खरं उत्तर असं की फाइट होणं शक्य नव्हतं. टी-रेक्स उत्तर अमेरिकेत, आणि आपला भारत तेव्हा समुद्रातलं बेट, आशियाला टेकायचा होता. हे उत्तर कोणत्याही पाच वर्षांच्या मुलाला मान्य नसतं.

तेव्हा माझं मत आयसिसॉरसला. पत्ता: डोंगरगाव, वरोऱ्याच्या बाजूचं, जिल्हा चंद्रपूर. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १९८०च्या दशकात तो खणून काढला, १९९७ साली वर्णन छापलं आणि २००३ साली त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून, आय-एस-आय, त्याला हे नाव मिळालं. संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव लावणारा डायनासोर म्हणजे बँकेच्या नावानं ओळखली जाणारी म्हैस. लांबी अंदाजे अठरा मीटर, म्हणजे दीड एसटी. दंडाचं हाड १४८ सेंटिमीटर, पहिली-दुसरीतल्या पोराच्या डोक्यावरून जाईल इतकं. पुढचे पाय लांब, मान उभी आणि टायटॅनोसॉर कुळातल्या लांब मानेच्या जातभाईंच्या मानानं आखूड, त्यामुळे आकार थोडा तरसासारखा. देखणा म्हणवत नाही. त्याच्या कुळातल्यांनी पुढच्या पायांची बोटं उत्क्रांतीत टाकूनच दिली होती, तळव्याच्या उभ्या हाडांच्या खांबावर चालायचे. म्हणून म्हणतो, नखं रंगवलेली दिसली की खेळणं खाली ठेवा.

एवढा भला सांगाडा, पण डोकं नाही. मान आहे, पाठ आहे, कंबर आहे, शेपटीचे मणके आहेत, डावा पुढचा पाय आहे. मागचे पाय नाहीत आणि तोंड नाही. चित्रांत दिसतो तो चेहरा नातेवाइकांवरून काढलेला, जुन्या घरात पणजोबांचा फोटो नसतो तेव्हा आजोबांवरून रंगवून घेतात तसा.

आणि गंमत इथून सुरू होते. जवळच्याच पिसदुऱ्यात दगड झालेलं शेण सापडतं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप या पाद्र्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ते गोळा केलं होतं. भातखाचरात उतरलेल्याला माहीत असतं की भाताचं पातं हाताला कापतं. गवत जमिनीतून सिलिका शोषून पेशींत तिचे काचेसारखे सूक्ष्म कण साठवतं, त्यामुळे पात्याला धार येते. पान कुजतं, पचतं, पण कण तसेच राहतात, आणि प्रत्येक वनस्पतीच्या कणाचा आकार वेगळा. पिसदुऱ्याचं शेण फोडून, रसायनांत विरघळवून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा ताड-माडाच्या जातीचे, सूचिपर्णी झाडांचे कण दिसले, आणि सोबत चक्क गवताचे. त्यात भात आणि बांबूच्या कुळाशी नातं सांगणारेही. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे छापलं. तोवर सगळीकडे धरून चाललेले की डायनासोरांच्या काळात खायला गवत नव्हतंच. चित्रकारांना गवत काढायची बंदी होती म्हणा ना. ती वरोरा तालुक्यातल्या शेणानं उठवली.

ते शेण याच प्राण्याचं, असा पंचनामा कुणी केलेला नाही. टायटॅनोसॉर कुळातल्या कुणाचं तरी, एवढंच म्हणता येतं. पण गाव शेजारचं, काळ तोच, आहार शाकाहारी. ओव्हिरॅप्टरला याहून कमी पुराव्यावर चोर ठरवलं होतं.

आता हे सगळं बोटांवर मोजून पाठ केलं, वाढदिवसाला गेलात, आणि क्रीमच्या तोंडानं प्रश्न आला. तुम्ही छाती पुढे काढून म्हणता, "आयसिसॉरस. आपला चंद्रपूरचा." परीक्षकानं हे नाव ऐकलेलं नसतं, त्यामुळे पहिल्यांदाच तो गप्प होतो. तुम्ही लांबी सांगता, दंडाचं हाड सांगता, डोकं सापडलं नाही हेही प्रामाणिकपणे सांगता, गवताचं सांगता. तो हातातल्या प्लॅस्टिकच्या जनावराकडे बघतो, मग तुमच्याकडे.

"काका, डोकंच नव्हतं, तर मग तो गवत खायचा कुठून?"