‘राज्यांना ४२ टक्के मिळतात, मग रडता कशाला?’ : सोलापूरकरांच्या कमेंटला उत्तर

सोलापूरकर, नमस्कार. कमेंट मोठी होती म्हणून उत्तर पण मोठं देतोय, चहा घेऊन बसा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नियोजन आयोग (पंचवार्षिक योजना आखणारी केंद्राची संस्था) म्हणजे दिल्लीतल्या बाबूंचा अड्डा होता, मुख्यमंत्र्यांना दरवर्षी योजना भवनात, म्हणजे आयोगाच्या दिल्लीतल्या कचेरीत, जाऊन हात पसरावे लागायचे, तो बंद झाला ते बेस्ट झालं, आता राज्यांना केंद्राच्या करांतले ३२ ऐवजी ४२ टक्के मिळतात, तरी माझ्यासारखे लोक संघराज्याच्या नावाने गळे काढतात. आणि जाता जाता टोला, की महाराष्ट्र एवढा टॅक्स भरतो त्यावर कधी लिहिणार?

पहिला अर्धा भाग मला मान्यच आहे हो. आयोग १५ मार्च १९५० ला मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने झाला, घटनेत त्याचा उल्लेख नाही, संसदेचा कायदा नाही, आणि तरी निवडून आलेला मुख्यमंत्री आपल्या राज्याच्या वार्षिक योजनेचा आकडा मंजूर करून घ्यायला आयोगाच्या उपाध्यक्षांसमोर बसायचा. मोदी गुजरातचे मुख्यमंत्री असताना त्याच खुर्चीत बसून आलेत, त्यामुळे २०१४ ला लाल किल्ल्यावरून त्यांनी आयोग गुंडाळायची घोषणा केली त्याचं मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. माझी तक्रार आयोग गेल्याची नाहीच. आयोगाबरोबर एक सूत्र गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही, तक्रार ती आहे.

सूत्र म्हणजे गाडगीळ सूत्र, राज्यांच्या योजनांना केंद्राची मदत कशी वाटायची ते ठरवणारं. धनंजयराव गाडगीळ, आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे, विखे पाटलांबरोबर प्रवरेचा साखर कारखाना उभा करणारे, ते आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोपर्यंत केंद्राची मदत योजनेगणिक मिळायची, म्हणजे ज्याचं दिल्लीत वजन त्याचं काम. गाडगीळांनी १९६९ मध्ये चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी ठरवलं की आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची, आणि उरलेल्यात ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के सरासरीपेक्षा गरीब राज्यांना, १० राज्य स्वतः कर किती गोळा करतं त्यावर, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे-वीज प्रकल्पांना आणि १० खास अडचणींसाठी. झालं. मुख्यमंत्री कुठल्या पक्षाचा, हा रकानाच नाही त्यात. सूत्र काय फार भारी होतं असं पण नाही, इतर राज्यांना ती मदत ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज अशी मिळायची आणि त्या कर्जाने पुढे राज्यांचं कंबरडं मोडलं, पण पैसे कशावर मिळणार हे आधीपासून माहीत असायचं.

त्याच सुमारास राष्ट्रीय विकास परिषदेत (पंतप्रधान आणि सगळे मुख्यमंत्री एकत्र बसायचे ती) असंही ठरलं होतं की केंद्र पुरस्कृत योजनांचा, म्हणजे केंद्राने आखलेल्या आणि राज्यांनी राबवायच्या योजनांचा, पैसा या मदतीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापुढे जाऊ द्यायचा नाही. किती पाळलं? अजिबात नाही. दिल्लीतल्या प्रत्येक मंत्रालयाला स्वतःची योजना, स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो हवा होता आणि हे सगळं आयोग जिवंत असताना, काँग्रेसच्याच काळात फुगत गेलं. तेव्हा मला काँग्रेसवाला ठरवायची घाई करू नका.

आता तुमचे ४२ टक्के. वाय. व्ही. रेड्डींच्या चौदाव्या वित्त आयोगाने (केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवायला दर पाच वर्षांनी नेमतात तो) दिले, आणि तो निर्णय चांगलाच होता कारण हा पैसा अट नसलेला असतो, राज्याला वाटेल तिथे खर्च करता येतो. जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर पंधराव्याने ते ४१ केले. पण ते टक्के कशाचे, ते बघा ना. वाटून घ्यायच्या करांचे. सेस आणि सरचार्ज, म्हणजे मूळ करावर लावलेले जादा कर, त्यात येतच नाहीत, ते सगळे केंद्राकडे राहतात, आणि केंद्राच्या एकूण करवसुलीत त्यांचा वाटा २०११-१२ ला दहा टक्क्यांच्या आसपास होता तो २०२०-२१ ला वीसच्या घरात गेला. पेट्रोलवर मूळ एक्साइज कमी आणि सेस जास्त, हे उगाच नाही होत.

बरं, हातात आलेले पैसे तरी मोकळे राहतात का? २०१५ मध्ये शिवराजसिंह चौहान यांच्या अध्यक्षतेखाली मुख्यमंत्र्यांचा उपगट बसला आणि त्यानंतर बहुतेक मुख्य केंद्र पुरस्कृत योजना ६०:४० झाल्या, म्हणजे ६० टक्के खर्च केंद्राचा आणि ४० राज्याचा. योजना दिल्लीत शिजणार, नाव दिल्लीचं, आणि राज्याने आपले ४० घातले नाहीत तर ६० पण अडकणार. रोजगार हमीचंच घ्या. वि. स. पागेंनी ती तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून बघितली, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, आणि तिच्यासाठी आपण व्यवसाय कर लावला, जो आजही पगाराच्या स्लिपवर दिसतो. म्हणजे राज्याची कल्पना, राज्याचा कर, राज्याचा कायदा. २००५ मध्ये केंद्राने ती देशभर नेली तेव्हा अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला. आता २०२५ च्या डिसेंबरमध्ये नवीन कायदा आला, दिवस १०० चे १२५ झाले आणि खर्च ६०:४० झाला. दिवस वाढवले त्याचं श्रेय केंद्राला आणि शंभरातले ४० रुपये कुठून आणायचे ही चिंता राज्याला. यावर आधी सगळ्या मुख्यमंत्र्यांसमोर नीट चर्चा व्हायला हवी होती की नको?

पण ती करणार कुठे? राष्ट्रीय विकास परिषद शेवटची बसली डिसेंबर २०१२ ला. आंतरराज्य परिषद, केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसायची, जी घटनेच्या २६३ व्या कलमाखाली आहे, ती शेवटची जुलै २०१६ ला बसली आणि त्याआधी २००६ ला, म्हणजे मधली दहा वर्षं कुलूपच होतं आणि त्यातली बरीचशी मनमोहनसिंगांच्या काळातली. नियोजन आयोगाच्या जागी आलेल्या नीती आयोगाच्या बैठका होतात, मुख्यमंत्री भाषण वाचतात, परत येतात, कारण नीतीकडे वाटायला पैसाच नाही. तो आता अर्थ मंत्रालय आणि इतर मंत्रालयांकडे आहे. भांडवली कामांसाठी राज्यांना ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतात ना, चांगली योजना आहे, पण त्यातला काही भाग अटी पूर्ण केल्या तरच मिळतो आणि अटी दरवर्षी केंद्र ठरवतं. गाडगिळांच्या आधी जसं होतं त्याच दिशेला आपण परत चाललोय, फरक एवढाच की तेव्हा निदान योजना भवनाचा पत्ता माहीत होता.

जीएसटीचे दर आणि नियम ठरवणारी जीएसटी कौन्सिल हा एकच अपवाद, तिथे खरोखर मतं आहेत. केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्राला डावलून सगळी राज्यं एकत्र आली तरी काही होत नाही. तरी चालेल, भांडायला टेबल तरी आहे.

राहिला महाराष्ट्राचा टॅक्स. राज्यांना वाटल्या जाणाऱ्या करांत आपला हिस्सा पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) ६.३१७ टक्के होता, बिहारचा १०.०५८. पण कंपनी देशभर धंदा करते आणि हेड ऑफिस मुंबईत म्हणून टॅक्स मुंबईत भरते, तो सगळा ‘आपला’ कसा? शिवाय पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत भाडे समानीकरणाचं धोरण होतं, जमशेदपूरचं पोलाद मुंबई-पुण्याच्या कारखान्याला जवळपास तिथल्याच भावात मिळायचं. तेव्हाच्या बिहारचा खाणींजवळ असण्याचा फायदा त्याने खाल्ला आणि तो कारखानदारीच्या रूपाने आपल्याकडे आला. हे आपण सोयीस्कर विसरतो.

भांडायचंच असेल तर हा हिस्सा ज्यावरून ठरतो त्या निकषांवर भांडा. पंधराव्या आयोगाने उत्पन्नातल्या तफावतीला, म्हणजे राज्य श्रीमंत राज्यांपेक्षा किती मागे आहे याला, ४५ टक्के वजन दिलं होतं आणि राज्य स्वतः कर गोळा करायला किती झटतं याला फक्त अडीच. ते अडीच मला पण कमी वाटले, गाडगिळांनी दहा दिले होते.