पदरी पडायच्या आधी

सात ठिकाणी अर्ज केले होते. दोन नकार आले. उरलेल्या पाच ठिकाणचं पोर्टल उघडलं की एकच ओळ दिसते: अर्ज विचाराधीन आहे. डिसेंबरात अर्ज गेले, आता फेब्रुवारी संपत आलाय. अमेरिकेतल्या पॉलिटिकल सायन्सच्या पीएचडीचे निकाल याच दिवसांत, मार्चच्या मध्यापर्यंत सुटे सुटे येत राहतात. जीव टांगणीला लागलाय हे खरं, पण आज त्याबद्दल नाही लिहायचं. त्या पाचांतल्या एका प्रोग्रॅमबद्दल लिहायचंय. ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्या लोकांनी ‘तिथे जाऊ नकोस’ असं सांगितलंय आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याचं नावच ऐकलेलं नाही.

आधी माझा प्रश्न सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं.

चार वर्षं मी एका संस्थेत बैठकांची इतिवृत्तं लिहायचं काम केलं. विषयपत्रिका, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आयत्या वेळचे विषय. एका बैठकीत तेवीस जण हजर होते. त्यातले पाच बोलले. मग अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? आणि साधारण तीन सेकंद थांबले. मागच्या रांगेतल्या एका बाईंचा हात खांद्यापर्यंत वर आला, तिथेच अडला, आणि चष्मा सारखा करून खाली गेला. अध्यक्ष म्हणाले, घ्या लिहून. मी लिहिलं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ लिहिताना मला माहीत होतं की हे खरं नाही. खोटंही नव्हतं, कारण विरोधात कुणी बोललंच नव्हतं. तो अर्धा हात कुठे लिहायचा, त्याला इतिवृत्तात रकानाच नव्हता.

मला यावर काम करायचंय. एकमत कसं तयार होतं, गप्प बसलेल्यांचं मत कुठे जातं, आणि कागदावर उमटलेलं ‘सर्वानुमते’ पुढे सत्ता म्हणून कसं वापरलं जातं. माझ्या मते राजकारणातला हा अगदी मुळातला प्रश्न आहे. निवडणुका, पक्ष, संसद हे सगळं त्याच्यावर उभं आहे.

नेहमीच्या पद्धतीच्या विभागात हा प्रश्न नेला की पहिला सवाल येतो: यात मोजणार काय? तो सवाल वाईट नाही. एका प्राध्यापकांनी माझा प्रस्ताव वाचून फार आपुलकीने सांगितलं, की बोललेली मिनिटं मोज, स्त्री-पुरुष असा फरक बघ, दोनशे बैठकांचा डेटा गोळा कर, उत्तम प्रबंध होईल. होईलही. पण मिनिटं मोजून बोललेलं मोजलं जातं, आणि माझा प्रश्न न बोललेल्याचा आहे. त्यासाठी बैठकीच्या आधी जिन्यात काय कुजबुज झाली, बैठकीनंतर गाडीपाशी कोण कुणाला काय म्हणालं, हे महिनोन्महिने तिथे बसून बघावं लागेल.

हा वाद नवा नाही. ऑक्टोबर २००० मध्ये ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ अशी सही असलेली एक निनावी ईमेल अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांमध्ये फिरली. तक्रार अशी, की या विषयाची मुख्य संघटना आणि तिचं मुख्य नियतकालिक, अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू, संख्याशास्त्र आणि गणिती प्रारूपं यांच्याच ताब्यात गेलंय, बाकीच्या पद्धतींना तिथे जागा उरलेली नाही. लिहिणारा कोण ते कळलं नाही, पण शेकडो प्राध्यापक मागे उभे राहिले, आणि त्या दडपणाच्या काळातच २००३ साली ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स’ हे नवं नियतकालिक निघालं.

त्या चळवळीच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत सुझान रुडॉल्फ होत्या. आयुष्यभर भारताच्या राजकारणाचा अभ्यास केलेल्या शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापक, पुढे त्याच संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. १९५० च्या दशकात त्या आणि त्यांचे पती लॉइड रुडॉल्फ मद्रास राज्यात मतपाहणी करत होते. पाहणीचं गृहीतक असं की प्रत्येक माणसाला स्वतःचं वेगळं, खाजगी मत असतं आणि एकटं गाठून विचारलं की तो ते सांगतो. प्रत्यक्षात माणूस एकटा सापडायचाच नाही. घरचे, शेजारचे भोवती जमायचे आणि उत्तर सगळ्यांच्या बोलण्यातून यायचं. रुडॉल्फबाईंनी याचा अर्थ ‘पाहणी बिघडली’ असा लावला नाही. मत ही एकेकट्याची मालमत्ता असते, हे गृहीतकच अमेरिकेतून सोबत आलेलं आहे, असं त्यांनी ओळखलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो चष्म्याकडे गेलेला हात आठवला. तेव्हापासून ठरलं, की जिथे हा प्रश्न आहे तसा ठेवता येईल तिथे शिकायचं.

तर तो प्रोग्रॅम. नाव लिहीत नाही, निकाल यायचाय. एरवी अमेरिकेत पहिली दोन वर्षं वर्गातले कोर्स, मग दोन उपशाखांमध्ये मोठ्या परीक्षा, मग संशोधनाचा आराखडा, मग प्रबंध, असं सगळं मिळून पाच ते सात वर्षांचं गणित असतं. उपशाखा ठरलेल्या: अमेरिकन राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त, बऱ्याच ठिकाणी संशोधनपद्धती हीसुद्धा. या प्रोग्रॅममध्ये उपशाखाच नाहीत. पहिल्याच वर्षी प्रत्यक्ष कुठेतरी जाऊन निरीक्षण करायचं, मोठ्या परीक्षेऐवजी तीन दीर्घ निबंध लिहून त्यावर तोंडी परीक्षा द्यायची, आणि प्रबंधावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांच्या समितीत मानववंशशास्त्राचा किंवा इतिहासाचा एक तरी माणूस हवाच. माहितीपत्रक वाचताना मला ते माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं होतं.

वेगळं म्हणजे हलकं, असं बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही. हवाई विद्यापीठाच्या मानोआमधल्या विभागात भविष्यअभ्यास आणि आदिवासी-मूलनिवासी राजकारण हे विषय कित्येक वर्षं गंभीरपणे शिकवले जातायत. आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं उदाहरण तर मी रोज मनाशी काढते. त्यांना अर्थशास्त्रात पीएचडी करायची होती, पण शाळेत मुलगी म्हणून त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती, त्यामुळे गणित कमी पडलं आणि ते दार बंद झालं. मग लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यशास्त्राला प्रवेश मिळाला. चाळीस जणांच्या तुकडीत चार बायका, आणि त्यांना घ्यावं की नाही यावरून प्राध्यापकांत भांडण झालेलं. तिथे त्यांनी भूजलावर प्रबंध लिहिला: उपसा वाढून समुद्राचं खारं पाणी जमिनीखालच्या साठ्यात शिरायला लागल्यावर पाणी वापरणारे एकत्र येऊन नियम कसे ठरवतात. १९६५ ला पीएचडी, २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळवणारी पहिली स्त्री.

पण मला त्यांची यापेक्षा आवडणारी गोष्ट वेगळी आहे. १९७३ मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती व्हिन्सेंट यांनी इंडियाना विद्यापीठात जे केंद्र काढलं त्याचं नाव ‘वर्कशॉप’ ठेवलं, आणि ते सुताराच्या वर्कशॉपवरून. दोघं एका कारागिराकडे फर्निचर बनवायला शिकत होते. उस्तादाच्या शेजारी उभं राहून, लाकडाच्या रेषा बघत, चुका करत हात बसवायचा. संशोधनही तसंच शिकवावं, असं त्यांना वाटलं. आणि त्या कारागिरीत सगळी हत्यारं होती बरं का. गावोगाव जाऊन निरीक्षण होतं, प्रयोगशाळेतले प्रयोग होते, गेम थिअरीही होती, म्हणजे माणसं एकमेकांच्या चाली ओळखून निर्णय कसे घेतात याचं गणित. म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की आकड्यांना घाबरून कुणी वेगळ्या वाटेला जाऊ नये. उलट अशा ठिकाणी जाणाऱ्याला संख्याशास्त्र जास्त पक्कं यायला हवं, कारण तिथे कुणी सक्तीने शिकवणार नाही आणि बाहेर सगळे तीच भाषा बोलतात. मी गेले पाच महिने रात्री बसून रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडायची पद्धत, शिकतेय. हळूहळू येतंय.

आता दुसरी बाजू, आणि ही मला खरंच झोपू देत नाही.

त्या प्रोग्रॅममधल्या चौथ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीशी फोनवर तासभर बोलले. ती म्हणाली, “ताई, पहिल्या वर्षी मला कुणी विचारलंच नाही काय लिहिलंस म्हणून. फार छान वाटलं. तिसऱ्या वर्षी विचारलं, तेव्हा दाखवायला काही नव्हतं.” बोलण्यात कडवटपणा नव्हता. ती तिथे खूश आहे, सोडायचं म्हणत नाही. पण त्या दोन वर्षांत आपण एकट्याने काय करत होतो, हे सांगताना तिचा आवाज उतरला. मोठ्या परीक्षा कितीही जाचक असल्या तरी त्या तारीख देतात, आणि कुणीतरी आपलं वाचतं.

पैशाचं थोडक्यात. फी माफ आणि स्टायपेंड नसेल तर पीएचडीला जाऊच नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न त्यापुढचा असतो. पाच वर्षांची हमी आणि लागणारी वर्षं सात, मग मधल्या दोन वर्षांचं काय? उन्हाळ्याच्या महिन्यांत स्टायपेंड असतो का? निरीक्षणासाठी जायचं तर प्रवासाचा खर्च कोण करणार? एफ-१ व्हिसावरच्या, म्हणजे शिक्षणासाठी अमेरिकेत आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना, वेगळी परवानगी नसेल तर कॅम्पसवरच, तेही आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. म्हणजे खड्डा पडला तर बाहेर काम करून भरून काढू, ही सोय आपल्याला नाही.

आणि नोकरी. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या प्राध्यापक-भरतीचं मोठं विश्लेषण आलं. अमेरिकेतच पीएचडी केलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोक सुमारे २० टक्के विद्यापीठांतून आलेले, आणि दर आठांतला एक फक्त पाच विद्यापीठांतून. हे सर्व विषयांचं मिळून आहे, पण राज्यशास्त्र याला अपवाद असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. त्यात जाहिराती निघतात त्या उपशाखेच्या नावाने: ‘तुलनात्मक राजकारण, सहायक प्राध्यापक’. ज्या प्रोग्रॅममध्ये उपशाखाच नाही तिथून बाहेर पडलेल्या माणसाने कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा?

तर मग काय करायचं? मी ठरवलंय की हे सगळं आत्ताच तोलायचं, एकही होकार हातात नसताना. होकार आल्यावर वेळ मिळतोच. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघटनेचा ठराव आहे, त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर १५ एप्रिलच्या आधी मागत नाहीत. पण तेव्हा वेळ असला तरी मन ताळ्यावर नसेल. आपल्याकडे म्हणतातच, पदरी पडलं पवित्र झालं. एकाच ठिकाणाहून होकार आला तर त्यातल्या सगळ्या उणिवा मला दिसेनाशा होतील. जिथून नकार येईल तिथली द्राक्षं आंबट. पहिले दोन नकार आले त्या रात्रीच मी त्या विभागांबद्दल मनातल्या मनात काय काय बोलले ते मला आठवतंय, आणि आठवड्यापूर्वी त्याच विभागांची मी तोंडभरून स्तुती करत होते.

म्हणून एका कागदावर लिहून ठेवलंय, तारीख घालून. माझं काम वाचून त्यावर मतभेद दाखवणारे किमान दोन प्राध्यापक असतील, पाचव्या वर्षानंतरच्या पैशाचं उत्तर लेखी मिळेल, आणि दर सत्रात काहीतरी दाखवायची सक्ती मला स्वतःवर लावून घेता येईल, म्हणजे समिती तशी सही करून देईल, तर मी तिथे जाईन. मग भले वरच्या क्रमांकाचा विभाग बोलावू दे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर नेहमीच्या पद्धतीच्या विभागात जाईन, मिनिटं मोजेन, आणि उरलेला प्रश्न पुढच्या आयुष्यासाठी जपून ठेवेन. आईला हे वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, दुसऱ्या वाटेला तू कमी का लेखतेस. बरोबर आहे तिचं. ते वाक्य मी अजून बदललेलं नाही, पण त्याखाली रेघ मारलीय.

एक गोष्ट मात्र कागदावर उशिरा आली. विभागांच्या संकेतस्थळावर प्लेसमेंटचं एक पान असतं. अमुक साली अमुक विद्यार्थी, अमुक विद्यापीठात सहायक प्राध्यापक. ते पान मी कितीतरी वेळा वाचलं, आणि एका रात्री लक्षात आलं की हेसुद्धा इतिवृत्तच आहे. ज्यांना नोकरी लागली ते बोललेले पाच. बाकीचे हजर होते, पण त्यांची नोंद नाही. मी त्या प्रोग्रॅमला ईमेल केली: २०१५ आणि २०१६ साली तुमच्याकडे जे जे आले, त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते कळेल का? नोकरी लागली त्यांचं तर हवंच, पण सोडून गेलेल्यांचंही.

खरं तर उत्तराची अपेक्षा नव्हती. परवा आलं. दोन्ही वर्षांचे सगळे, नावं वगळून, एकेका ओळीत. काही प्राध्यापक झाले, काही सरकारी आणि स्वयंसेवी कामात गेले, काहींचं लिहून व्हायचंय. एका ओळीत एवढंच होतं: तिसऱ्या वर्षी सोडलं, कारण आम्ही विचारलं नाही.

ती ओळ मी बराच वेळ बघत बसले. मग उलट लिहिलं, की हरकत नसेल तर त्या व्यक्तीशी मला बोलायचंय, तिला विचारून तिचा पत्ता देता येईल का. विचारतो म्हणालेत. पोर्टलवर अजून ‘विचाराधीन’च आहे.