ओला की सुका?

मे महिन्यात माळा आवरायला काढला आणि जुन्या पुस्तकांच्या मागे साखरेचे दोन पांढरे इलायचीदाणे सापडले. मला तरी ते खजराना गणपतीच्या प्रसादातलेच वाटले, जरा मोठे, काबुली चण्याएवढे, आणि आमचे हे एक तोंडात टाकणारच होते तेवढ्यात लेक ओरडली, "बाबा, पालीची अंडी आहेत ती!" पुढचे दोन दिवस यांना पोहे-जलेबीसुद्धा गेली नाही.

मी पालीला घाबरते. म्हणजे भिंतीवर पाल दिसली की ती खोली तिची, मी दुसरीकडे झोपते, इतकं साधं आहे ते. म्हणून मी अगदी सरळ मनाने विचारलं की ही टाकायची कुठे? 2017 ला आपल्या इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून सगळ्या शहराला कचरा वेगळा करायचं वेडच लागलंय, मग पालीचं अंडं ओल्यात की सुक्यात? एवढं विचारलं तर लेकीने मला थेट खुनीच ठरवलं.

झालं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वाळू, झाकणाला भोकं, आणि अंड्यांवर पेन्सिलने खुणा, कारण म्हणे आतला जीव कवचाला चिकटलेला असतो, अंडं उलटंपालटं झालं तर तो मरू शकतो. मग तो डबा मी माळ्यावरून बाल्कनीच्या कोपऱ्यात असा नेला जसा गृहप्रवेशाचा कलश. मी! सासूबाई पाल चुकचुकली की अजून बोटाने टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणतात, त्यांना कळलं की पाल अंडी घालून जाते ती परत बघायलाही येत नाही, तर त्या पालीवरच तापल्या. "आणि हिची बाळंतपणं आम्ही करायची!" पण रोज सकाळी डब्यात डोकावायला पहिल्या त्याच.

जुलैत एक दिवस डबा रिकामा. नुसती फुटकी टरफलं. पिल्लं भोकांतून पसार, आणि मला आता घरातली प्रत्येक हलणारी गोष्ट पिल्लू वाटायला लागली, सेफ्टीपिनसकट. लेक म्हणाली खायला काही घालू नको, मुंग्या-डास ती स्वतः धरतात, तू फक्त दारं हळू लाव आणि बादल्या बघत जा. म्हणजे अंघोळीच्या आधी बादलीत टॉर्च मारायचा, बिजागरीत टॉर्च मारायचा, आणि ऑफिसला लेट झाल्यावर बॉसला काय सांगायचं? पालीच्या पोरांनी उशीर केला?

मग एकदा तो मग. बाथरूममधल्या ओल्या मगात माझ्या करंगळीपेक्षा लहान पिल्लू, वर चढतंय, घसरतंय, परत चढतंय. ट्यूबलाईटजवळ छताला उलटी लटकणारी जात, पण ओल्या प्लास्टिकपुढे तिचं काही चालत नाही. मी पोस्टकार्ड घेतलं, डोळे अर्धे मिटले, रामरक्षेची जितकी आठवली तितकी म्हटली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि जीभ काढून स्वतःचाच डोळा चाटला, पापण्याच नसतात ना त्यांना. मला कसंतरी झालं, हात हलला, कार्ड शेपटीवर पडलं.

पिल्लू भिंतीवर सुखरूप. शेपूट मगात, एकटं, तडफडतंय.

लेकीने ओरडूनच सांगितलं की ते मुद्दामच तोडतात, मांजर शेपटीच्या नादी लागलं की आपण पळायचं, आणि नवीन येते, फक्त आत हाडाऐवजी कूर्चा असते. आमच्याकडे मांजर नाही. मांजराच्या जागी मीच होते आणि अगदी तसंच, तोंड उघडं टाकून त्या शेपटीकडे बघत बसले होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं सुरू झालं. मी दोन डबे दारात ठेवले आणि बाथरूममधला तो मग हातात घेतला, शेपूट अजून हलत होतं.

"मैडम, जल्दी करो, गीला कि सूखा?"