एका ताऱ्याबद्दल, मालकाकडून

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्रीच वाचला. उत्तर मुद्दाम दोन दिवस थांबून लिहितोय, कारण त्या रात्री लिहायला बसलो असतो तर भांडणच झालं असतं.

आमच्या पन्हाळा–गगनबावडा–विजयदुर्ग या एका दिवसाच्या सहलीला तुम्ही एक तारा दिलात. पन्हाळा चाळीस मिनिटांत उरकला, घाटात धुक्याशिवाय काही दिसलं नाही, जेवण साडेतीनला मिळालं, गाइडनं हेलियमच्या थापा मारल्या, सूर्यास्ताआधीच किल्ल्यातून बाहेर काढलं, आणि काजूच्या दुकानात मात्र अर्धा तास गेला. शेवटी, "१,६५० रुपये देऊन दिवसभर टेम्पो ट्रॅव्हलरची खिडकी बघितली." हे वाक्य आमच्या घरात दोनदा मोठ्यानं वाचून झालंय. मी नाही वाचलं, बायकोनं वाचलं.

पन्हाळ्याचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळाही होता आणि विजयदुर्गही. माझ्या डोक्यात आलं, दोन जागतिक वारसे एका दिवसात, बोर्ड झकास दिसेल. बोर्ड झकास दिसलाही. पण पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येला आणि गगनबावडा नैऋत्य अंगाला. म्हणजे वीस किलोमीटर एकीकडं चढायचं, उतरायचं, मग दुसऱ्याच रस्त्याला लागायचं, आणि त्यापुढं घाट उतरून समुद्र गाठायचा. नुसतं विजयदुर्गच जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. हा हिशेब मला यायला पाहिजे होता, धंदाच तो आहे माझा. सिद्दी जौहर १६६० साली ज्या गडाला चार महिने वेढा घालून बसला, तो गड आम्ही तुम्हाला चाळीस मिनिटांत दाखवला. अंबरखाना बाहेरून, तीन दरवाजा पळत, सज्जा कोठी गाडीतून. महाराज ज्या बाजूनं वेढ्यातून निसटले ती राजदिंडी तर राहूनच गेली. या रविवारपासून पन्हाळा या सहलीतून काढलाय. त्याची वेगळी अर्ध्या दिवसाची फेरी ठेवलीय, चालत, सकाळी.

जेवणाचं मात्र जास्त लागलं. त्या दिवशी करूळ घाटात दरड आल्याचा फोन गगनबावड्यात पोहोचल्यावर आला. मग गाडी भुईबावडा घाटानं काढावी लागली. तो रस्ता अरुंद, वळणं आवळलेली, समोरून एसटी आली की कुणीतरी मागं घ्यायचं. तिथून खारेपाटण आणि मग तळेरे, तास-सव्वा तास जादा गेला. दरड माझी नाही, पण ती आल्यावर काय करायचं ते माझं होतं. तुम्हाला गाडीतच सगळं सांगून खारेपाटणला जेवायला थांबवायला पाहिजे होतं. विजयदुर्गात थाळ्या सांगून ठेवल्या होत्या, त्यांचे पैसे बुडतील म्हणून गाडी पुढं दामटली. आईंना साखरेच्या गोळ्या चालू आहेत हे तुम्ही बुकिंग करताना सांगितलं होतं. वहीत तसं लिहिलेलंही आहे, माझ्याच अक्षरात. आमचे ड्रायव्हर मामा सांगत होते, आईंनी घाटात डबा काढला आणि अर्धं थालीपीठ त्यांच्याही हातावर ठेवलं. ज्यांना आम्ही जेवायला घालायचं, त्यांनी आमच्या ड्रायव्हरला जेवायला घातलं. यावर मी काय लिहू?

धुक्याचं मात्र मी ऐकून घेणार नाही. गगनबावडा सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. कोकणातून वर चढणारी ओली हवा तिथंच धडकते आणि थंड होऊन ढग होते. सप्टेंबरात दरी उघडली तर पाच मिनिटं, नाहीतर नाही. आमच्या माहितीपत्रकावरचा दरीचा फोटो डिसेंबरातला आहे, ते खाली लिहायला पाहिजे होतं, आता लिहिलंय. पण धुकं म्हणजे फसवणूक नव्हे ओ. कोल्हापूरची निम्मी माणसं पावसाळ्यात गगनबावड्याला जातात ती धुक्यात उभं राहून कणीस खायलाच.

आता हेलियम. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता हे अभिप्रायात वाचलं आणि कपाळावर हात मारला. आमच्या गाइड पोरानं विजयदुर्गातले 'साहेबाचे कट्टे' दाखवून सांगितलं की लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं ग्रहणात इथंच बसून हेलियम शोधला. किल्ल्यात सगळेच तसं सांगतात, मीही इतकी वर्षं तेच सांगत आलोय. तुमचं वाचल्यावर नीट बघितलं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, पण त्या दिवशीचं गाजलेलं निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाचं, आणि तेही गुंटूरहून. लॉकियरनं सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेषा त्याच वर्षी २० ऑक्टोबरला पाहिली, इंग्लंडात, ग्रहण नसताना. पोराला सांगितलंय, यापुढं कट्टे दाखव, गावात काय सांगतात ते सांग, आणि पुस्तकात काय आहे तेही सांग. त्यानं तुळाजी आंग्र्यांचं जे सांगितलं, पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये किल्ला पडला, आरमार जळालं, ते बरोबर होतं. तेवढे मार्क त्याला द्या.

काजूच्या दुकानाबद्दल सरळ सांगतो. हो, तिथं ड्रायव्हरला कमिशन मिळत होतं आणि मला ते माहीत होतं. पण थांबायचं कारण तेवढंच नाही. त्या पट्ट्यात बायकांनी निर्धास्त जावं असं संडास आमच्या माहितीत तेवढंच आहे. थांबा राहील, दहा मिनिटांचा. कमिशन बंद. मामांचा पगार त्या प्रमाणात वाढवलाय, त्यामुळं त्यांची तक्रार नाही, माझीच थोडी आहे.

सूर्यास्ताचं म्हणाल तर किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिन्हीसांजेला बाहेर यावंच लागतं. पण वेळेत पोहोचलो असतो तर तटावर दीड-दोन तास मिळाले असते. तीन बाजूंनी पाणी, वाघोटनची खाडी आणि समोर उतरतं ऊन, हे बघायलाच तर माणूस एवढा घाट उतरतो. ते तुमचं हुकलं ते पन्हाळ्यामुळं आणि माझ्यामुळं.

दोघींचे निम्मे पैसे, म्हणजे १,६५० रुपये, ज्या नंबरवरून आले होते त्यावर आज परत पाठवलेत. तारा एकच ठेवा, माझी काही हरकत नाही.

आईंचा स्टीलचा डबा सीटखाली राहिला होता. धुऊन ऑफिसात ठेवलाय. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून बायकोनं त्यात भाजणी भरलीय. त्या बाजूला आलात की घेऊन जा, नाहीतर पत्ता कळवा, मामा आणून देतील. ते तसंही विचारतच होते, आजी बऱ्या आहेत का म्हणून.