शून्य फीडबॅकचा बागुलबुवा : ऑनलाइन लिलावाविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरात जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावाने विकणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर गेले काही आठवडे एक लांबलचक संदेश फिरत आहे. माझ्याकडेच तो चौघांकडून आला. त्याचा आशय असा: ज्या बोलीदाराच्या नावापुढे शून्य फीडबॅक (आधीच्या व्यवहारांबद्दल इतरांनी दिलेल्या शेऱ्यांचा आकडा) आहे तो बुडव्या समजावा आणि त्याची बोली काढून टाकावी, फीडबॅक शंभराच्या पुढे असेल तर डोळे झाकून माल द्यावा, तरीही कोणी संशयास्पद माणूस वर चढलाच, तर मित्राला त्याच्यावर बोली लावायला सांगून त्याला बाहेर काढावे, जिंकूनही पैसे न देणाऱ्यावर दावा ठोकावा, कारण बोली हा करारच आहे आणि पूर्ण रक्कम वसूल होते, पैसे भरल्याचा मेल किंवा स्क्रीनशॉट आला की त्याच दिवशी पार्सल टाकावे, म्हणजे गिऱ्हाईक फिरत नाही, आणि बुडवणाऱ्याला वाईट शेरा देऊन अद्दल घडवावी.

माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. गिरण्यांत नोकरी केलेल्या माणसांच्या घरांतून निघणारी एचएमटीची चावीची घड्याळे दुरुस्त करून मी ती काही वर्षांपासून लिलावाने विकतो, काही देशात आणि काही ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरून परदेशात. संदेश लिहिणारा कोठेतरी पोळलेला असावा हे मला समजते. परंतु त्याचे सल्ले पाळणारा विक्रेता कमी नव्हे, जास्त पोळेल असे माझे मत आहे, म्हणून मुद्देसूद उत्तर देत आहे.

पहिला मुद्दा फीडबॅकचा आहे आणि तोच सर्वांत मोठा आहे. शून्य याचा अर्थ त्या खात्यावरून अजून व्यवहार झालेला नाही, एवढाच होतो. वडिलांचे हरवलेले एचएमटी ‘जनता’ घड्याळ आठवून प्रथमच खाते उघडणारा माणूसही शून्यावरच असतो, आणि असा माणूस बहुधा व्यापाऱ्यापेक्षा चढी बोली लावतो. उलट शंभराचा आकडा पाच-दहा रुपयांच्या किरकोळ खरेद्या करून जमवता येतो, आणि दुसऱ्याचे जुने खाते पासवर्ड चोरून ताब्यात घेतलेले असेल तर तो आकडा चोराच्या कामी येतो. म्हणून आकडा बघण्याऐवजी तो उघडून आत काय आहे ते बघावे: शेरे खरेदीचे आहेत की विक्रीचे, वस्तू कोणत्या किमतीच्या होत्या, आणि त्या माणसाने याआधी किती बोल्या मागे घेतल्या आहेत.

बोल्या मागे घेण्याची ही बाब संदेशात अजिबात नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत धोकादायक बोलीदार तेथेच सापडतात. मी एकदा काळ्या तबकडीचे एचएमटी पायलट लिलावाला ठेवले होते. त्यावर एका खात्याची २२ डॉलरची बोली आली. त्यानंतर दुसऱ्या दोन खात्यांनी एकमेकांवर चढ करीत काही मिनिटांत भाव १६० डॉलरवर नेला आणि त्या भावाला कोणीही शहाणा संग्राहक फिरकणार नाही अशी स्थिती झाली. तीन दिवस घड्याळ तसेच पडून राहिले. लिलाव संपायला साधारण तेरा तास उरले असताना त्या दोन्ही खात्यांनी ‘चुकीची रक्कम टाकली’ असे कारण देऊन आपापल्या बोल्या मागे घेतल्या आणि भाव पुन्हा पहिल्या माणसाच्या २२ डॉलरपाशी येऊन थांबला. तेरा तास ही वेळ योगायोगाची नव्हती. ईबेच्या नियमानुसार शेवटच्या बारा तासांत लावलेली बोली लावल्यापासून एका तासाच्या आतच मागे घेता येते आणि त्याआधी लावलेली बोली तेव्हा मागे घेताच येत नाही. त्यामुळे खोट्या बोल्यांनी इतरांना दूर ठेवून पहिल्या साथीदाराला स्वस्तात वस्तू मिळवून देण्याचा हा डाव शेवटच्या बारा तासांत साधत नाही. त्या दोन खात्यांपैकी एकाचे फीडबॅक दोनशेच्या पुढे होते. मी त्या रात्री योगायोगाने जागा होतो, म्हणून शेवटचे बारा तास सुरू होण्याआधी उरलेल्या तासाभरात लिलाव थांबवला, तिन्ही खाती बंदीच्या यादीत टाकली आणि आठवड्याने घड्याळ पुन्हा लावले. संदेशाच्या कसोटीला ही दोन्ही खाती सहज उतरली असती, विशेषतः दोनशेवाले.

शून्य फीडबॅकच्या बोलीदाराला मी एक साधा निरोप पाठवतो: वस्तू पाहिली का आणि काही विचारायचे आहे का. खरा गिऱ्हाईक तबकडी मूळ आहे की पुन्हा रंगवलेली, पट्ट्याच्या जागेची रुंदी किती, आतले यंत्र ०२३१ क्रमांकाचे आहे का, असे प्रश्न विचारतो. ज्याच्याशी सावध राहायचे तो घड्याळाविषयी एक शब्दही न विचारता ‘व्हॉट्सॲप नंबर द्या’, ‘पार्सल माझ्या पुतण्याच्या पत्त्यावर पाठवा’, ‘लिलाव थांबवून मलाच द्या, दुप्पट देतो’ असे काहीतरी लिहितो. काहीच उत्तर न देणारेही असतात आणि त्यांतले बरेच जण वेळेवर पैसे भरतात, हेही नमूद केले पाहिजे. बोली काढून टाकण्याची सोय ईबेवर आहे. परंतु ती बोलीदाराची ओळख पटत नसेल, त्याने स्वतः माघार मागितली असेल किंवा लिलावच थांबवायचा असेल, अशा कारणांसाठी आहे. सरसकट शून्यवाले उडवायचे म्हणजे आपलाच भाव पाडणे होय. त्यापेक्षा गिऱ्हाइकांविषयीच्या अटी सेटिंगमध्ये आधीच घालाव्यात. बारा महिन्यांत दोनदा पैसे न भरलेले खाते किंवा आपण माल पाठवत नाही अशा देशातले खाते मग मुळात बोलीच लावू शकत नाही.

देशांतर्गत लिलाव आपण स्वतः चालवतो तेव्हा अशी यंत्रणा नसते. तेथे विसार हाच उपाय आहे. आपल्या बाजार समितीतील कांद्याचे सौदे ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना हे सांगावे लागू नये. तेथे बोली लावणारा परवानाधारक असतो, शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये अडत्या उभा असतो आणि पट्टीचे (विक्रीच्या हिशोबाचे) पैसे शेतकरी अडत्याकडून घेतो. खरेदीदाराचा चेहरा वाचत बसण्याची वेळ शेतकऱ्यावर येत नाही. न्यायालयही वेगळे काही करीत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ८४ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या लिलावात बोली मंजूर होताच खरेदीदाराला २५ टक्के रक्कम तेथल्या तेथे भरावी लागते, न भरल्यास मालमत्ता लगेच पुन्हा लिलावात निघते. आणि नियम ८५ प्रमाणे उरलेली रक्कम पंधराव्या दिवसापर्यंत जमा करावी लागते. पाच हजारांच्या वरच्या घड्याळासाठी मी बोली उघडण्याआधी पाचशे रुपये विसार घेतो आणि हरलेल्यांना त्याच रात्री परत करतो. या अटीवर कुरकुर करणारे भेटतात. जिंकल्यावर गायब होणारा मात्र ही अट घातल्यापासून भेटलेला नाही.

दुसरा मुद्दा दाव्याचा. बोली हा करार आहे हे अर्धे खरे आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडून विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो. करार होतो तो त्यानंतर. ऑनलाइन लिलावात हातोड्याची जागा संपणारी वेळ घेते आणि माघारीचे नियम ज्या त्या संकेतस्थळाच्या अटींनी ठरतात. पण समजा करार झाला आणि गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, तरी ‘पूर्ण रक्कम वसूल होते’ हे विधान चुकीचे आहे. माल आपल्याच कपाटात असेल तर नुकसानभरपाई सर्वसाधारणपणे ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतील फरकाएवढी मिळते. ३,५०० रुपयांना गेलेल्या घड्याळावर दुसऱ्या क्रमांकाची बोली ३,४०० ची असेल, तर आपले खरे नुकसान शंभर रुपये आणि एका आठवड्याचा मनस्ताप एवढे आहे. आणि मनस्तापाचे पैसे न्यायालय देत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्लाही या संदेशाच्या एका लांबट आवृत्तीत मी वाचला. परंतु तो कायदा ग्राहकासाठी आहे आणि या व्यवहारात आपण विक्रेते आहोत.

वस्तुविक्री अधिनियमाचे कलम ५४ मात्र प्रत्येक विक्रेत्याने वाचावे असे आहे. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याने ‘अमुक तारखेपर्यंत पैसे न भरल्यास वस्तू पुन्हा विकीन’ अशी सूचना दिली आणि वाजवी मुदतीत पैसे आले नाहीत, तर तो वस्तू पुन्हा विकू शकतो आणि आलेली तूट पहिल्या खरेदीदाराकडे मागू शकतो. ही सूचना दिली नाही तर तूट मागण्याचा हक्क जातो आणि फेरविक्रीत नफा झाल्यास त्यावर पहिला खरेदीदार हक्क सांगू शकतो. दोन ओळींचा निरोप न पाठवल्यामुळे हे घडते. आमच्यातले बहुतेक जण रागाच्या भरात फोन करतात, चार शब्द सुनावतात आणि लेखी काहीच ठेवत नाहीत. ईबेवर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच सर्वोच्च बोलीच्या भावाने वस्तू देऊ करण्याची सोय आहे आणि ती लिलाव संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत वापरता येते. माझ्या फसलेल्या व्यवहारांपैकी निम्म्याहून अधिक याच वाटेने निभावले.

तिसरा, मित्राकडून बोली लावण्याचा सल्ला हा संदेशातील सर्वांत वाईट सल्ला आहे. हेतू बुडव्याला बाहेर काढण्याचा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ती भाव चढवण्यासाठी लावलेली खोटी बोलीच ठरते, आणि कलम ६४ प्रमाणे अशी विक्री रद्द ठरवण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो. म्हणजे ज्याच्याविषयी आपल्याला संशय होता त्याच्याच हातात आपण व्यवहार मोडण्याचे हत्यार देतो. ईबेच्या नियमांतही हे निषिद्ध आहे आणि त्यापायी खाते बंद होऊ शकते. शिवाय मित्र जिंकला तर काय, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला सुचलेला दिसत नाही: वस्तू विकली गेली नाही, खरा दुसरा बोलीदार निघून गेला आणि मित्राच्या नावावर न भरलेल्या पैशांची नोंद राहिली. विक्रेत्याला किमान भावाची काळजी असेल तर राखीव किंमत ठेवावी. कायदा तिला उघड मान्यता देतो.

चौथा मुद्दा मेल आणि स्क्रीनशॉटचा. माझे स्वतःचे ११,००० रुपये याच वाटेने गेले आहेत, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो. मला आलेल्या मेलमध्ये रक्कम जमा झाली असून ती ‘पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक कळवेपर्यंत रोखून ठेवली आहे’ असे लिहिले होते. मेलवर बोधचिन्ह होते, भाषा गुळगुळीत होती आणि खाली ग्राहकसेवेचा क्रमांकही होता, जो अर्थातच त्याच माणसाचा निघाला. मी दुपारी साडेचारला पोस्टात पार्सल टाकले आणि संध्याकाळी पासबुक भरून आणले, तर त्यात काहीही नव्हते. तेव्हापासूनचा माझा नियम असा आहे की मेल, एसएमएस आणि स्क्रीनशॉट या तिन्हींना कागदाच्या चिटोऱ्याएवढीच किंमत द्यायची, आपण स्वतः बँकेचे ॲप उघडून शिल्लक वाढल्याचे पाहायचे आणि मगच डबा बांधायला घ्यायचा. यूपीआयने पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. जो बोलीदार ‘पैसे घेण्यासाठी’ यांपैकी काही करायला सांगतो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

जास्त पैसे आल्यावर घाईने परत पाठवणे हा याच्या उलट्या बाजूचा सापळा आहे. ५,००० ऐवजी ‘चुकून’ १५,००० आले आणि उरलेले दुसऱ्याच क्रमांकावर परत मागितले गेले, तर ती रक्कम बऱ्याचदा तिसऱ्याच कोणाची चोरलेली असते. त्याची तक्रार झाली की पोलिसांच्या सूचनेवरून आपल्या खात्यातील रक्कम गोठवली जाते आणि आपण दहा हजार आधीच पाठवून बसलेलो असतो. अशा वेळी स्वतः काहीही परत न करता बँकेला लेखी कळवावे आणि आपली फसवणूक झालेली असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. (वस्तुविक्री अधिनियमाचे सालही १९३० च आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम लक्षात राहतात.) परदेशी मालाच्या बाबतीत ऑर्डरवर छापलेल्या पत्त्याखेरीज दुसरीकडे पार्सल पाठवू नये, आणि ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरला पोहोचीची सही घेणारी सेवाच वापरावी, कारण तशी सही नसल्यास ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीपुढे ईबेवर विक्रेत्याची बाजू टिकत नाही.

उरला वाईट शेऱ्याचा मुद्दा. मे २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला गिऱ्हाइकाविषयी प्रतिकूल शेरा देताच येत नाही, त्यामुळे हा सल्ला कालबाह्य झालेला आहे. तेथे नोंद होते ती वेगळ्या मार्गाने: चार दिवस उलटूनही पैसे आले नाहीत की विक्रेता ‘गिऱ्हाइकाने पैसे भरले नाहीत’ हे कारण देऊन ऑर्डर रद्द करू शकतो, विक्रीवरचे शुल्क परत मिळते आणि त्या खात्यावर खूण राहते. अशा दोन खुणा जमल्या की वर सांगितलेली सेटिंगमधील अट त्या खात्याला इतर विक्रेत्यांच्या दारातच अडवते. मी सुरुवातीची दोन-तीन वर्षे भिडेखातर ‘गिऱ्हाइकाच्या विनंतीवरून रद्द’ हे कारण निवडत असे. त्यामुळे त्या सर्वांची पाटी कोरी राहिली, आणि त्यांतलाच एक जण पुढे विजापूर वेशीतल्या माझ्या ओळखीच्या कॅमेरेवाल्याच्या लिलावात पहिल्या क्रमांकावर आला व तेथेही पैसे न भरता गेला.