गेरींची कबर
तुमच्या लेखात अमेरिकी नेते एल्ब्रिज गेरींची ओळख फक्त 'जेरीमँडरिंग'पुरती, म्हणजे पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांच्या सीमा वेड्यावाकड्या आखण्यापुरती दिलीत, वाईट वाटलं. (आडनाव 'गेरी', शब्द मात्र 'जेरी' असा रुळला.) १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना मतदारसंघांच्या त्या वेड्यावाकड्या आखणीवर त्यांनी सही केली, हे खरंच. पण नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, हेही एक कारण देऊन १७८७ मध्ये राज्यघटनेवर सही नाकारणारेही तेच! वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल सेमेटरीत त्यांची कबर आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी त्या शहरात दफन झालेले ते एकटेच. थडग्यावर कोरलंय, की जगायला एकच दिवस उरला तरी नागरिकाने तो देशाच्या भल्यासाठी द्यावा. आणि खरोखरच, नोव्हेंबर १८१४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदावर असतानाच ते गेले.