‘नव्या झेल्डात मिळण्यासारखं काही नाही’ या दाव्याला उत्तर

‘झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या चाहत्यांमध्ये एक दावा गेली काही वर्षं इतका फिरतो आहे की ज्यांनी अजून गेम सुरूही केलेला नाही, त्यांनाही तो तोंडपाठ असतो. दावा साधारण असा: ‘जुन्या झेल्डात पेटी उघडली की कायमची वस्तू मिळायची. २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डपासून पेटीत मिळते मोडणारी तलवार, प्रत्येक श्राइनमध्ये मिळतो तोच तो ऑर्ब, आणि ९०० कोरोक शोधून काढले तर हातात पडते सोनेरी विष्ठा. मिळण्यासारखं काही नाही, म्हणून शोधण्यातही अर्थ नाही.’ (श्राइन म्हणजे कोड्यांच्या छोट्या गुहा, ऑर्ब म्हणजे तिथलं ताकद वाढवणारं बक्षीस, आणि कोरोक म्हणजे जगभर लपलेले चिमुकले वनजीव; सापडला की प्रत्येक जण एक बी देतो.)

मी या मालिकेतले जुने आणि नवे दोन्ही गेम मनापासून खेळलो आहे, काही तर अनेकदा. या दाव्यातला एक मुद्दा मला पूर्ण पटतो, तो पुढे येईलच. बाकीचे मुद्दे मला पटत नाहीत.

सुरुवात ‘जुन्या झेल्डात’ या शब्दांपासून. हा जुना काळ नेमका कुठला? १९८६ चा पहिला गेम घ्या. त्यात बॉम्ब मोजकेच मिळतात. त्यातला एक खर्च करून तुम्ही डोंगराचा कडा फोडता, गुप्त दार सापडतं, आत जाता. आत बसलेला म्हातारा म्हणतो, दाराच्या दुरुस्तीचे पैसे भर, आणि तुमचे २० रुपी कापून घेतो. (रुपी म्हणजे हायरूलचं, या गेममधल्या राज्याचं, रंगीत मण्यांचं चलन.) म्हणजे शोधाबद्दल बक्षीस राहिलं बाजूला, वर दंड. त्याच गेममध्ये लाइक-लाइक नावाचा राक्षस पैसे साठवून घेतलेली मोठी ढाल गिळून टाकतो, आणि धनुष्यातून सुटणाऱ्या प्रत्येक बाणामागे एक रुपी जातो. वस्तू हातातून निसटणं, झिजणं, संपणं हे या मालिकेत पहिल्या दिवसापासून आहे.

आता १९९८ चा ओकारिना ऑफ टाइम. ज्यांना जुना काळ सोन्याचा वाटतो, त्यांच्या मनात बहुतेक वेळा हाच गेम असतो. माझ्याही मनात त्याची जागा फार वरची आहे. त्यात १०० सोनेरी स्कल्टुला, म्हणजे कोळी, शोधायचे असतात. रात्री घरांच्या भिंतींवर, झाडांत, मातीच्या भुसभुशीत आळ्यांत. ३० कोळ्यांनंतर ५०० रुपी मावतील एवढं पाकीट मिळतं, ५० नंतर जीव वाढवणाऱ्या हृदयाचा एक तुकडा. नंतरच्या ५० कोळ्यांत वाटेत काहीच नाही. शंभरावा मारल्यावर ज्याचा शाप सुटतो त्या श्रीमंत माणसाकडे तुम्ही जाता आणि तो हातावर ठेवतो २०० रुपी. तोपर्यंत पाकीट बहुतेक वेळा भरलेलंच असतं आणि घेण्यासारखं दुकानात काही उरलेलं नसतं. कोरोकच्या शेवटच्या बक्षिसावर जे चिडतात, त्यांनी हा प्रसंग आठवून पाहावा. तेव्हा आपण चिडलो नाही, कारण ते कोळी शोधताना मजा आली होती.

त्याच गेममध्ये गोरॉन लोकांच्या गावात मेडिगोरॉन २०० रुपींना एक लांबलचक तलवार विकतो. थोडेच वार केले की ती मोडते आणि हातात खुंट उरतो. न मोडणारी बिगोरॉनची तलवार हवी असेल तर एकाची वस्तू दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला असं साऱ्या हायरूलभर फिरावं लागतं. डेकूची काठी मोडते, लाकडी ढाल जळते. २००६ च्या ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये पाकीट भरलेलं असताना पेटीत रुपी निघाले तर गेमचा नायक लिंक ते परत पेटीत ठेवतो आणि झाकण बंद करतो! कष्टाने गाठलेली पेटी, उघडली, पाहिली, बंद केली. आणि तिथला स्पिनर, ज्यावर उभं राहून भिंतीवरून गरगरत जायचं, तो आहे झकास, पण खरा उपयोगी पडतो तिथेच जिथे भिंतीत त्याच्यासाठी खाच केलेली आहे. डंजन, म्हणजे कोड्यांचं भुयार, संपल्यावर तशा खाचा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

या गेमना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. आपली आठवण हुकशॉट, तो साखळीने पलीकडे खेचून नेणारा आकडा, तेवढा जपून ठेवते आणि दुरुस्तीचे २० रुपी विसरते, एवढंच दाखवायचं आहे. तुलना करायची तर दोन्हीकडच्या सगळ्या पेट्या उघडून करा.

मोडणाऱ्या शस्त्रांचा मुद्दा सगळ्यात जास्त ताणला जातो, म्हणून तिथे जरा थांबतो.

जुन्या गेममध्ये पेट्यांतून रुपी का निघायचे? कारण दुसरं काही देता येत नव्हतं. एकदा मास्टर सॉर्ड हातात आली की त्यापुढे पेटीत कुठली तलवार ठेवणार? न मोडणारं उत्तम शस्त्र मिळालं की बाकीच्या सगळ्या पेट्या एका फटक्यात निरुपयोगी होतात. जुन्या गेममध्ये ते चालून जायचं, कारण कुठली वस्तू कधी मिळणार हे बनवणाऱ्यांच्या हातात होतं. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये ग्रेट प्लॅटोवरून, म्हणजे सुरुवातीच्या पठारावरून, उतरलात की तुम्ही थेट हायरूल कॅसलकडे धाव घेऊ शकता. गार्डियन नावाची पहारेकरी यंत्रं चुकवत, लपतछपत आत शिरून राजवाड्यातली तगडी शस्त्रं उचलून आणणं अगदी सुरुवातीलाही जमतं. ती मोडणारी नसती तर पुढचे शंभर तास तुम्ही त्याच एका तलवारीने प्रत्येक बोकोब्लिन राक्षस दोन वारांत लोळवत बसला असता. सगळं जग पहिल्या दिवसापासून मोकळं ठेवायचं असेल तर शस्त्र संपणारं असावंच लागतं.

आणि शस्त्राची किंमत त्याच्या आकड्यात मोजायची ही सवय दाव्यातच दडलेली आहे. हेब्राच्या बर्फात पहिल्यांदा चढलो तेव्हा माझ्याकडे गरम कपडे नव्हते. मिरच्या घालून शिजवलेलं जेवण होतं, ते अर्ध्या वाटेत संपलं. तेव्हा लक्षात आलं की फ्लेमब्लेड, ती आगीची तलवार, नुसती पाठीवर अडकवली तरी ऊब देते. ती तलवार मी त्यानंतर कितीतरी वेळ एकदाही उगारली नाही, मोडू नये म्हणून. ती माझी शेगडी होती. उलट डेथ माउंटन या ज्वालामुखीवर लाकडी धनुष्य पाठीवर घेऊन गेलात तर ते पेट घेतं. वादळात धातूची तलवार ठिणग्या टाकायला लागते. ती काढून ठेवली नाही तर वीज तुमच्यावर पडते, आणि तीच तलवार शत्रूंच्या घोळक्यात टाकून पळालात तर वीज त्यांच्यावर पडते. मोडायला आलेलं शस्त्र फेकून मारलं तर शेवटचा घाव दुप्पट बसतो. मोडण्याचा क्षणसुद्धा गेमने कामाला लावला आहे. शिवाय रक्तचंद्र उगवला की जगातली शस्त्रं पुन्हा आपापल्या जागी येतात. म्हणजे तुटवडा असा फारसा नाहीच; मनात भीती मात्र फार असते.

ही भीती खरी आहे हे मी मान्य करतो. एका तळावरचे राक्षस मारायला तीन चांगली शस्त्रं घालवावीत आणि शेवटी पेटीत त्याहून हलकं काहीतरी निघावं, असं २०१७ मध्ये व्हायचं. मग माणूस लढाई टाळून वळसा घालून जायला लागतो. २०२३ च्या टिअर्स ऑफ द किंगडममध्ये फ्यूज ही वस्तू जोडण्याची शक्ती आल्यावर हे बदललं. मारलेल्या राक्षसाचं शिंग तुमच्या काठीला जोडलं की काठीची ताकद वाढते, आणि राक्षस जितका दांडगा तितकं शिंग जोरदार. खर्च केलेलं त्याच लढाईतून भरून निघतं. तक्रार योग्य होती आणि तिची दखल घेतली गेली. मात्र ‘शस्त्रं मोडतात म्हणून पेट्या पोकळ’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कोरोकची गोष्ट आकड्यांत सांगतो. एकूण ९००. सामानाच्या सगळ्या जागा, म्हणजे शस्त्रं, धनुष्यं आणि ढाली, पूर्ण वाढवायला लागतात ४४१ बिया. निम्म्याहूनही कमी. पहिली जागा एका बीत, मग दोन, तीन, पाच, आठ, असा या जागा वाढवून देणाऱ्या हेस्टूचा भाव चढत जातो. म्हणजे बियांचा खरा फायदा सुरुवातीलाच भरघोस मिळतो. बाकीचे कोरोक कशासाठी? तुम्ही कुठूनही कुठेही निघालात तरी वाटेत एखादा सापडावा म्हणून. ओसाड टेकडीच्या शेंड्यावर एकटा दगड दिसला आणि तो उचलून पाहावासा वाटला, तर तुमचा अंदाज चुकीचा नव्हता एवढं सांगायला कुणीतरी तिथे असावं म्हणून. सगळे ९०० शोधणं हे काम गेमने कुणावर लादलेलं नाही. जो नकाशा उघडून एकेक ठिपका खोडत बसतो त्याचा वेळ त्याचा आहे, पण मग शेवटच्या बक्षिसावरून साऱ्या गेमचा निकाल लावणं बरोबर नाही.

श्राइनमधल्या ऑर्बबद्दल फार बोलायची गरज नाही. चार ऑर्ब म्हणजे एक वाढ. जुन्या गेममध्ये हृदयाचे चार तुकडे म्हणजे एक हृदय, ओकारिनात असे ३६ तुकडे. ‘तोच तो’ म्हणायचं तर दोन्हीकडे तोच तो. फरक इतकाच की इथे हृदय घ्यायचं की स्टॅमिना हे तुम्ही ठरवता. आणि ही निवड खोटी नाही. १२० श्राइनमधून होतात ३० वाढी, चार डिव्हाइन बीस्टकडून, म्हणजे महाकाय यांत्रिक प्राण्यांकडून, आणखी चार हृदयं. दोन्ही पूर्ण भरायला लागतात ३७. तीन कमी पडतात. कुठेतरी मन मारावंच लागतं.

आता मला पटणारा मुद्दा. बॉम्ब, धातू ओढणारी मॅग्नेसिस, वस्तू थिजवणारी स्टॅसिस, पाण्याचा बर्फ करणारी क्रायोनिस या चारही मुख्य शक्ती तुम्हाला ग्रेट प्लॅटोवर पहिल्या काही तासांतच मिळून जातात. त्यानंतर चार चॅम्पियनच्या, म्हणजे लिंकच्या जुन्या साथीदारांच्या, देणग्या सोडल्या तर लिंकला नवं काही करता येत नाही. जुन्या झेल्डात दरीपलीकडची पेटी दिसायची, हात पोचायचा नाही, ती जागा मनात टोचत राहायची. मग दहा तासांनी हुकशॉट मिळाला की सगळ्यात आधी तिथे धावायचं. ए लिंक टू द पास्ट या जुन्या गेममध्ये मिळणारा हातोडा नकाशाभरच्या खुंट्यांचा अर्थच बदलून टाकतो. ती टोचणी आणि तो आनंद नव्या गेममध्ये हरवला आहे, आणि त्याची हळहळ करणारे लोक माझे लोक आहेत. २०१७ मध्ये जुन्या लिंकचे पोशाख मिळवायला वेगळ्या अमीबो बाहुल्या विकत घ्याव्या लागायच्या, हीसुद्धा रास्त तक्रार होती. टिअर्स ऑफ द किंगडममध्ये तसे कितीतरी पोशाख डेप्थ्सच्या, म्हणजे जमिनीखालच्या जगाच्या, अंधारात पेट्यांत ठेवले गेले.

पण दाव्याची शेवटची उडी, ‘म्हणून शोधण्यात अर्थ नाही’, इथे मी अडतो.

हायरूलच्या आग्नेयेला समुद्रात एव्हेंटाइड नावाचं बेट आहे. मी तराफ्यावर उभं राहून कोरोकच्या पानाने वारा घालत तिथे गेलो. रेतीवर पाय टेकला आणि एक आवाज आला: तुझी परीक्षा आहे. पुढच्या क्षणी तलवारी, ढाली, कपडे, शिजवून ठेवलेलं जेवण, सगळं गायब. ज्या सामानासाठी मी पन्नास तास पै पै जोडत होतो, ते शून्यावर. तीन गोळे तीन चौथऱ्यांवर न्यायचे, त्यातला एक झोपलेल्या हिनॉक्स नावाच्या प्रचंड राक्षसाच्या गळ्यात अडकवलेला. मी काठी उचलली, खेकडे शिजवले, बोकोब्लिनच्या तळाजवळ गवतात दबून बसलो. मध्येच पाऊस आला आणि माझी आग विझली. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या ताटावरून दोनदा उठलो. शेवटी श्राइन वर आली आणि मिळाला एक ऑर्ब, इतर ११९ सारखाच.

मिळकतीच्या हिशोबाने पाहिलं तर हे बेट या गेममधलं सगळ्यात तोट्याचं ठिकाण ठरावं. प्रत्यक्षात ज्यांनी ज्यांनी हा गेम खेळला त्यांना विचारा, आवडती जागा कुठली; एव्हेंटाइडचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. हेच टॅरी टाउन या गावाचं. ते गाव बांधणाऱ्या हडसनला लाकडाच्या मोळ्या आणून द्यायच्या, पहिल्यांदा दहा, मग वीस, मग आणखी; नावाच्या शेवटी ‘सन’ असलेली माणसं हायरूलभर शोधायची; आणि रिकाम्या खडकावर एकेक घर, एकेक दुकान उभं राहताना पाहायचं. नवं घर उठलं की तिथल्या संगीतात आणखी एक सूर मिसळतो. त्यातलं काहीच सामानाच्या थैलीत जात नाही.

पुढच्या झेल्डात हुकशॉट परत यावा, डंजनमधून निघताना हातात नवं बळ असावं, ही मागणी माझीही आहे आणि ती मी जोरात करेन. पण त्यासाठी एव्हेंटाइडच्या शेवटी एखादी न मोडणारी तलवार ठेवा असं कुणी म्हणालं, तर माझं मत विरोधात धरा.